वांग क्रीमने जातो आणि आणखी गडद होऊन परत का येतो?

प्रश्न थोडक्यात असा: वय ३८, शाळेत शिक्षिका, रोज स्कूटरवरून ये-जा. दुसऱ्या बाळंतपणापासून, म्हणजे सहा वर्षं, दोन्ही गालांवर आणि वरच्या ओठावर वांग आहे. जायफळ, बटाट्याचा रस, पार्लरमधलं फेशियल, सगळं करून झालं. मग मेडिकलमधून आणलेलं एक क्रीम लागू पडलं, पंधरा दिवसांत चेहरा उजळला. पण ते बंद केलं की आठवड्याभरात गाल लाल होतात, आग होते, वांग आधीपेक्षा गडद दिसतो, म्हणून पुन्हा तेच क्रीम. तीन वर्षं हेच चाललंय. गर्भनिरोधक गोळ्या चालू आहेत. नक्की काम करणारं औषध कोणतं?

ताई, तुमच्या चेहऱ्यावर आता एक नाही, दोन आजार दिसताहेत. पहिला वांग. दुसरा त्या क्रीममुळे झालेला. दुसरा निस्तरल्याशिवाय पहिल्यावर कुठलंही औषध टिकणार नाही, कितीही महागडं आणा. वांगावर औषधं आहेत आणि ती चांगली चालतात. बहुतेकांचं बिनसतं ते क्रमात: जे शेवटी लावायचं ते आधी लावलं जातं, जे आठ आठवडे लावायचं ते तीन वर्षं लावलं जातं, आणि उजेडापासूनचं संरक्षण, ज्यावर सगळं उभं आहे, ते अर्धवट राहतं.

आधी ती ट्यूब हातात घ्या. नाव बघू नका, मागच्या बाजूला बारीक अक्षरात लिहिलेले घटक वाचा. बहुधा तीन नावं सापडतील: हायड्रोक्विनोन २ टक्के, ट्रेटिनॉइन ०.०२५ टक्के आणि मोमेटासोन ०.१ टक्का. तिसऱ्या जागी फ्लुओसिनोलोन, बीटामेथासोन, क्लोबेटासोल किंवा बेक्लोमेथासोनही असू शकतं. ही सगळी स्टिरॉइडं. २०१८ मध्ये केंद्र सरकारने अशी अनेक स्टिरॉइड मलमं शेड्यूल एच मध्ये टाकली, म्हणजे ती डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकता येत नाहीत. तरीही काउंटरवर "वांगाचं क्रीम द्या" म्हटलं की बऱ्याच ठिकाणी हेच हातात पडतं.

हे तीन औषधांचं मिश्रण मुळात वाईट नाही. १९७५ मध्ये क्लिगमन आणि विलिस या अमेरिकी त्वचातज्ज्ञांनी पहिल्यांदा ते मांडलं. त्यात हायड्रोक्विनोन रंगद्रव्य तयार होण्याचं काम रोखतं आणि ट्रेटिनॉइन वरच्या पेशी लवकर झडायला लावतं. या दोघांनी त्वचा चुरचुरते, ती चुरचुर दाबायला स्टिरॉइड घातलं. आज जगभर मान्य असलेल्या सूत्रात हायड्रोक्विनोन ४ टक्के, ट्रेटिनॉइन ०.०५ टक्के आणि फ्लुओसिनोलोन फक्त ०.०१ टक्का असतं, आणि मुदत आठ आठवडे. आपल्याकडे खपणाऱ्या ट्यूबमधलं मोमेटासोन या फ्लुओसिनोलोनपेक्षा बरंच तीव्र आहे, आणि मुदत कुणी सांगतच नाही.

पहिले पंधरा दिवस चेहरा उजळतो त्याचं कारण असं की स्टिरॉइड रक्तवाहिन्या आवळतं, लाली गायब होते, वर हायड्रोक्विनोनचं कामही सुरू होतं. महिने गेले की त्वचा पातळ होते. आवळलेल्या रक्तवाहिन्या क्रीम बंद करताच फुगतात, म्हणून लाली आणि आग. पुढे गालांवर बारीक लाल जाळी, हनुवटीवर पुरळ, गालांवर आणि ओठावर लव वाढणं हेही होतं. अशा पातळ, सुजलेल्या त्वचेला ऊन जास्त लागतं, सुजेमागोमाग काळेपणा येतो. "क्रीम बंद केल्यावर वांग वाढला" ही तक्रार खरी आहे. मात्र तेव्हा दिसणारा काळेपणा बराचसा सुजेचा असतो आणि तो ओसरतो. हे समजलं नाही तर माणूस घाबरून पुन्हा तीच ट्यूब उघडतो.

तीन वर्षं रोज लावलेलं क्रीम एका दिवसात बंद करू नका. साधारण रीत अशी: तीव्र स्टिरॉइडऐवजी हायड्रोकॉर्टिसोन १ टक्का हे सौम्य मलम एक-दोन आठवडे रात्री, मग एक दिवसाआड, मग बंद. त्याच वेळी टॅक्रोलिमस मलम (०.०३ किंवा ०.१ टक्का) रात्री सुरू करतात. हे स्टिरॉइड नाही, सूज उतरवतं, त्वचा पातळ करत नाही. पहिले काही दिवस ते लावल्यावर गरम-गरम वाटतं आणि चुरचुरतं, ते अपेक्षित आहे. पुवाळलेले फोड असतील तर डॉक्टर काही आठवडे डॉक्सिसायक्लिन या अँटिबायोटिकच्या गोळ्या देतात. हे सगळं त्वचारोगतज्ज्ञाच्या देखरेखीखाली करा, कारण क्रीम सोडल्यावर लाली आणि आग किती उसळेल ते क्रीमच्या तीव्रतेवर ठरतं. काहींचं चार आठवड्यांत निभावतं, काहींना तीन-चार महिने लागतात.

या काळात चेहऱ्याला जितकं कमी लावाल तितकं बरं. साबण बंद, त्याऐवजी साबणविरहित क्लेन्झर, तोही रात्री एकदाच. सकाळी नुसतं पाणी. बिनवासाचं साधं मॉइश्चरायझर दिवसातून दोन-तीनदा. आग झाली की गार पाण्यात भिजवून पिळलेला मऊ सुती रुमाल दहा मिनिटं ठेवा, बर्फ थेट घासू नका. व्हिटॅमिन सीचं सीरम, ग्लायकोलिक अ‍ॅसिड, स्क्रब, ब्लीच, फेशियल, थ्रेडिंगनंतरचा मसाज, सगळं थांबवा. लाल कडेचा, खाज येणारा, वर्तुळासारखा पट्टा दिसला तर त्याखाली गजकर्ण लपलेलं असू शकतं. स्टिरॉइडखाली ते ओळखू येत नाही, खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली बघावं लागतं.

ट्यूबवर किंवा डबीवर घटकच लिहिलेले नसतील, पार्लरमधून किंवा ओळखीतून आलेली बिनलेबलची "नाइट क्रीम" असेल, तर धोका वेगळा आहे. अशा काही क्रीममध्ये पारा सापडतो. भारतीय नियमांनुसार डोळ्यांभोवती लावायची प्रसाधनं सोडली तर इतरांत नकळत आलेला पारासुद्धा १ पीपीएमच्या, म्हणजे दहा लाखांत एका भागाच्या वर चालत नाही. केरळमधल्या कोट्टक्कल इथल्या मूत्रपिंडतज्ज्ञांनी गोरेपणाची क्रीम वापरणाऱ्यांमध्ये मूत्रपिंडाचा एक विशिष्ट विकार नोंदवला आहे. लघवीला फेस येतो, पावलं सुजतात. अशी डबी वापरली असेल तर ती फेकू नका. बंद पिशवीत घालून डॉक्टरांना दाखवा आणि लघवीतल्या प्रथिनांची तपासणी करून घ्या.

आता हा खरोखर वांगच आहे ना, हे पाहू. तुमच्या वर्णनावरून तो वांगच वाटतो: दोन्ही बाजूंना सारखा, गाल-ओठ-कपाळ, तपकिरी, हाताला सपाट, खाज नाही, गरोदरपणानंतर आलेला. पण गडद चेहऱ्याचं प्रत्येक प्रकरण वांग नसतं, आणि चुकीच्या निदानावर दोन-दोन वर्षं वाया जातात. राखाडी-निळसर छटा, कपाळाच्या कडा, कानशिलं आणि मान असं पसरलेलं असेल तर लायकेन प्लॅनस पिगमेंटोसस हा काळे चट्टे पाडणारा त्वचेचा वेगळा आजार किंवा हेअर डायची अ‍ॅलर्जी यांचा विचार करावा लागतो. डायमधल्या पीपीडी या रसायनाने होणाऱ्या अ‍ॅलर्जीत अनेकदा खाज फार नसते, नुसता काळेपणा येतो. डाय बंद केल्याशिवाय तो हलत नाही. कुंकू, टिकली, सुवासिक तेलं यांचंही असंच, आणि त्यासाठी पॅच टेस्ट करतात. पाठीवर चिकटवलेल्या पट्ट्या दोन दिवसांनी काढून वाचतात, पुन्हा एक-दोन दिवसांनी बघतात. कानशिलाजवळ आणि गालाच्या हाडावर जाडसर, मखमली काळेपणा आणि मानही तशीच असेल तर ते इन्सुलिनच्या गडबडीचं लक्षण आहे. तिथे क्रीमपेक्षा वजन आणि साखर बघावी लागते. चिकनगुनियाच्या तापानंतर नाक एकाएकी काळं पडलं असेल तर धीर धरा, ते बऱ्याचदा काही महिन्यांत आपोआप फिकं होतं.

आणखी एक शक्यता तुमच्या बाबतीत तपासायलाच हवी: ऑक्रोनोसिस. हायड्रोक्विनोन वर्षानुवर्षं लावल्यावर त्वचेत निळसर-काळे बारीक ठिपके बसतात. रुग्णाला वाटतं वांग वाढला, म्हणून तो क्रीम वाढवतो आणि ठिपके आणखी गडद होतात. नुसत्या डोळ्यांनी फरक कळणं कठीण. डर्मोस्कोप या भिंगाच्या उपकरणाखाली वांगात केसांच्या छिद्रांभोवतीची जागा मोकळी दिसते. ऑक्रोनोसिसमध्ये ती छिद्रं बुजलेली, वर राखाडी-काळे मणी किंवा अळीसारख्या रेघा. डॉक्टरांना सरळ विचारा, "डर्मोस्कोपने बघितलंत का?" हे दोन मिनिटांचं काम आहे. ऑक्रोनोसिस निघाला तर हायड्रोक्विनोन कायमचं बंद.

तिकडे स्टिरॉइड उतरवण्याचं काम चालू असतानाच उजेडाचा बंदोबस्त सुरू करा. मला विचाराल तर निम्मी लढाई इथे आहे. "मी सनस्क्रीन लावते" असं जवळपास प्रत्येकजण सांगतो, पण नेमकं काय आणि किती लावतो ते विचारलं की गळती सापडते.

पहिली गळती मापाची. तर्जनी आणि मधलं बोट, दोन्ही बोटांवर तळापासून टोकापर्यंत एकेक रेघ, एवढं सनस्क्रीन चेहरा आणि मान यांना लागतं. दिवसातून दोनदा या मापाने लावलं तर ५० ग्रॅमची ट्यूब अडीच-तीन आठवड्यांत संपायला हवी. ती तीन महिने पुरत असेल तर तुम्ही एसपीएफ (उन्हापासूनच्या संरक्षणाचा आकडा) ५० विकत घेताय, पण चेहऱ्याला त्याचा छोटासा हिस्साच मिळतोय. एकदम एवढं बसत नसेल तर एक बोट लावा, दोन मिनिटं थांबा, मग दुसरं. परवडत नसेल तर महागडा ब्रँड सोडून साधा मोठा पॅक घ्या, प्रमाण कमी करू नका.

दुसरी गळती प्रकाशाच्या प्रकाराची, आणि ही डॉक्टरांकडूनही पुष्कळदा सांगायची राहून जाते. साधं सनस्क्रीन अतिनील किरण अडवतं. पण आपल्यासारख्या सावळ्या, गव्हाळ त्वचेत डोळ्यांना दिसणारा उजेड, त्यातही निळा-जांभळा भाग, रंगद्रव्य वाढवतो आणि तो काळेपणा बराच काळ टिकतो. पांढरं, पारदर्शक होणारं सनस्क्रीन हा उजेड जवळजवळ अडवतच नाही. तो अडवतं ते आयर्न ऑक्साइड, म्हणजे त्वचेच्या रंगाची छटा असलेल्या, टिंटेड सनस्क्रीनमधलं रंगद्रव्य. घटकांच्या यादीत सीआय ७७४९१, ७७४९२, ७७४९९ हे आकडे शोधा. निदान दोन तरी हवेत. आवडीच्या सनस्क्रीनमध्ये ते नसतील तर वर आयर्न ऑक्साइड असलेलं फाउंडेशन किंवा कॉम्पॅक्ट नीट झाकेल एवढं लावा. छटा आपल्या रंगाशी जुळणारीच घ्या. गोरी छटा घेतली की चेहरा भुरकट दिसतो आणि चार दिवसांत ट्यूब कपाटात जाते. एसपीएफ ३० ते ५० पुरे, सोबत पीए+++ (यूव्हीए या अतिनील किरणांपासूनच्या संरक्षणाची खूण) किंवा त्याहून जास्त. स्टिरॉइड उतरवण्याच्या काळात झिंक ऑक्साइडवर आधारलेलं घ्या, ते कमी झोंबतं. मुंबई-कोकणच्या घामट हवेत जेलसारखं हलकं चालेल, पण टिंट हवाच.

मोबाइलच्या पडद्याची भीती बाळगू नका, उन्हाच्या तुलनेत तो उजेड नगण्य आहे. खिडकीकडे मात्र लक्ष द्या. काच अतिनील किरणांतले त्वचा भाजणारे यूव्हीबी अडवते, पण खोलवर जाणारे यूव्हीए आणि दिसणारा उजेड आत येतो. वर्गात रोज ज्या बाजूच्या खिडकीशी उभ्या राहता त्या बाजूचा गाल जास्त गडद आहे का, ते पाहा.

स्कूटरचं म्हणाल तर हेल्मेटची पारदर्शक काच अतिनील किरण बरेच अडवते, दिसणारा उजेड नाही. तोंडाला बांधायचा स्कार्फ उपयोगी आहे, पण तो उजेडासमोर धरून बघा. पलीकडची खिडकीची चौकट दिसत असेल तर तेवढा उजेड गालावरही पोहोचतो. गडद रंगाचा, घट्ट विणीचा सुती घ्या, घासणारा जाड सिंथेटिक नको, कारण सततच्या घर्षणानेही काळेपणा वाढतो. आणि स्कार्फखाली सनस्क्रीन लावायचंच. वेळापत्रक साधं ठेवा: सकाळी निघण्याआधी पंधरा-वीस मिनिटं पहिला थर, आणि दुपारी परत निघायच्या आधी दुसरा. दुसऱ्या थराआधी ओल्या रुमालाने घाम-धूळ टिपा, पुसून कोरडं करा, मग लावा. दिवसभर मैदानावर असाल तर दर दोन तासांनी. पावसाळ्यात ढग आहेत म्हणून सुट्टी घेऊ नका.

गर्भनिरोधक गोळ्यांबद्दल स्त्रीरोगतज्ज्ञांशी याच आठवड्यात बोला. त्यातलं इस्ट्रोजेन वांग पेटता ठेवतं. तांबी किंवा दुसरा पर्याय बसत असेल तर बदलून घ्या, पण विचारल्याशिवाय गोळी अर्ध्यावर सोडू नका. पुढे सांगतोय त्या एका औषधासाठीही हा निर्णय लागणार आहे.

औषध सुरू करायचं ते लाली आणि आग पूर्ण गेल्यावर. तुमच्यासाठी पहिली पसंती अ‍ॅझेलेइक अ‍ॅसिड. स्टिरॉइडने बिघडलेल्या चेहऱ्यावरचे फोडही ते आटोक्यात आणतं, त्वचा पातळ करत नाही, आणि गरोदरपणातही वापरता येतं. २० टक्के क्रीमची हायड्रोक्विनोन ४ टक्क्यांशी तुलना झाली आहे आणि २४ आठवड्यांत ते जवळपास बरोबरीला येतं. सुरुवात १० टक्क्यांनी करा. रात्री चेहरा धुऊन वीस मिनिटं पूर्ण कोरडा होऊ द्या, मग मॉइश्चरायझरचा पातळ थर, त्यावर वाटाण्याएवढं क्रीम, एक दिवसाआड. दोन आठवडे सहन झालं की रोज रात्री, मग १५-२० टक्क्यांवर, शेवटी दिवसातून दोनदा. लावल्यावर दहा-वीस मिनिटं मुंग्या किंवा खाज येते, बहुतेकांची दोन-तीन आठवड्यांत कमी होते. ओल्या चेहऱ्यावर लावणं हे झोंबण्याचं सगळ्यात नेहमीचं कारण. सकाळच्या वेळी नायसिनामाइड (बी३ जीवनसत्त्वाचा एक प्रकार) ४-५ टक्के जोडता येतं, ते सौम्य आहे. बारा आठवड्यांआधी निकाल लावू नका. बरेच लोक पाचव्या आठवड्यात "उपयोग नाही" म्हणून सोडतात, नेमकं औषध काम करू लागतं तेव्हा.

हायड्रोक्विनोन आणि वर सांगितलेलं तीन औषधांचं तिहेरी क्रीम तुमच्यासाठी आता नाही. त्वचा सहा महिने शांत राहिली, ऑक्रोनोसिस नसल्याची खात्री झाली आणि अ‍ॅझेलेइकने पुरेसा फरक पडला नाही, तरच डॉक्टर त्याचा विचार करतील. तेव्हाही कमी तीव्रतेच्या स्टिरॉइडचं सूत्र आणि चिठ्ठीवर थांबवण्याची तारीख लिहून घ्या. ज्यांनी कधीच स्टिरॉइड लावलेलं नाही त्यांच्यासाठी मात्र हेच आजही सर्वांत जलद काम करणारं औषध आहे: फक्त रात्री, डागांवर आणि भोवतालच्या सेंटिमीटरभर जागेवर, डोळ्यांचे आणि ओठांचे कोपरे व नाकाच्या कडा सोडून, आठ आठवडे. मग स्टिरॉइड नसलेल्या क्रीमवर यायचं. ट्यूबमधलं क्रीम पांढऱ्याचं तपकिरी झालं असेल तर हायड्रोक्विनोन खराब झालंय, ती टाकून द्या. मुरुमांसाठी बेंझॉइल पेरॉक्साइड लावत असाल तर दोन्ही एका वेळी नको, त्वचेवर तात्पुरता डाग पडतो. गरोदर असताना किंवा दिवस राहण्याच्या तयारीत असताना ट्रेटिनॉइन आणि हायड्रोक्विनोन दोन्ही टाळायचे.

आता ते पोटातून घ्यायचं औषध: ट्रॅनेक्झॅमिक अ‍ॅसिड. पाळीच्या जास्त रक्तस्रावासाठी देतात तेच, पण वांगासाठी मात्रा फार कमी, २५० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, साधारण आठ ते बारा आठवडे. वांगावरचा त्याचा गुण १९७९ मध्ये जपानमध्ये पहिल्यांदा ध्यानात आला. सिंगापूरमधल्या २०१६ च्या ५६१ रुग्णांच्या अभ्यासात जवळपास ९० टक्के जणांना फरक पडला. पण थांबवल्यावर चौथाई रुग्णांचा वांग परत आला, आणि एका रुग्णाच्या पायाच्या शिरेत रक्ताची गुठळी झाली. तिला रक्त गोठण्यावर लगाम ठेवणाऱ्या प्रोटीन एस या प्रथिनाची आनुवंशिक कमतरता असल्याचं नंतर कळलं. म्हणून हे औषध डॉक्टरांनी खोदून विचारल्याशिवाय सुरू करू नये: तुम्हाला किंवा आई-वडील, भावंडांना कधी गुठळी, अर्धांगवायू, हृदयविकाराचा झटका? वारंवार गर्भपात? धूम्रपान? मूत्रपिंडाचा त्रास? आणि गर्भनिरोधक गोळ्या चालू असताना हे घ्यायचंच नाही, दोन्हींनी गुठळीचा धोका वाढतो. पोट फुगणं, पाळीत रक्तस्राव कमी होणं हे चालण्यासारखं. एका पोटरीला सूज आणि दुखणं, छातीत दुखणं, धाप, नजर अंधुक होणं, यापैकी काहीही झालं तर गोळी बंद करून त्याच दिवशी दवाखाना गाठा.

घरगुती उपायांपैकी लिंबू बिलकुल नको. लिंबाचा रस लावून उन्हात गेलं की भाजल्यासारखे काळे चट्टे उठतात. जायफळ उगाळून चोळणं, मसूर डाळीने घासणं, यात घर्षण हाच दोष आहे. हळद-दुधाने नुकसान नाही, वांग जाईल ही अपेक्षाही नको.

पील (अ‍ॅसिड लावून त्वचेचा वरचा थर उतरवणं) आणि लेझरबद्दल मी हात आखडता घेतो. ग्लायकोलिक अ‍ॅसिडचं पील (३० टक्क्यांपासून चढत, दोन-तीन आठवड्यांच्या अंतराने) औषधाला जोड म्हणून चालतं, पण आधी काही आठवडे त्वचा तयार केलेली हवी आणि स्टिरॉइडने पातळ झालेल्या चेहऱ्यावर ते करायचं नाही. लेझर सगळ्यात शेवटी. सुरुवातीला सुंदर निकाल दिसतो. पुढे वांग उसळून येतो किंवा वारंवारच्या सत्रांनी बारीक पांढरे ठिपके राहतात, आणि ते घालवणं वांगाहून अवघड. पॅकेजचे सगळे पैसे आगाऊ मागणाऱ्या ठिकाणी सह्या करू नका. गोरेपणासाठी विकली जाणारी ग्लुटाथायोनची इंजेक्शनं वांगासाठी सिद्ध झालेली नाहीत, त्यावर पैसे घालवू नका.

प्रगती आरशात मोजू नका, रोज बघणाऱ्या डोळ्यांना फरक कळत नाही. चार आठवड्यांतून एकदा, त्याच खिडकीसमोर, त्याच वेळी, फ्लॅश आणि ब्युटी फिल्टर बंद करून तीन फोटो काढा: समोरून, डावा गाल, उजवा गाल. बारा आठवड्यांच्या फोटोत काहीच फरक नसेल आणि सनस्क्रीनच्या ट्यूब ठरल्या वेळेत संपत असतील, तर औषध बदलायला सांगा. ट्यूबच संपत नसतील तर औषध बदलून उपयोग नाही.

पहिल्या भेटीला जाताना आजवर वापरलेल्या सगळ्या ट्यूब आणि डब्या, चालू गोळ्यांची पाकिटं, आणि बाळंतपणाआधीचा एक स्वच्छ फोटो न्या. चेहऱ्यावर त्या दिवशी काही लावू नका. डॉक्टर एम.डी. (त्वचारोग) किंवा डी.डी.व्ही.एल. (त्वचारोगातली पदविका) असल्याची खात्री करा. खाजगी परवडत नसेल तर सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या त्वचारोग विभागात जा.

वांग फिका झाल्यावर उपचार थांबवायचे नाहीत, हलके करायचे. अ‍ॅझेलेइक आठवड्यातून तीन-चार रात्री आणि टिंटेड सनस्क्रीन रोज, हे वर्षभर ठेवा. आपल्याकडे वांग उसळतो तो मार्च ते मे आणि पुन्हा ऑक्टोबरच्या उन्हात, तेव्हा फेब्रुवारीच्या शेवटी आणि सप्टेंबरच्या अखेरीस अ‍ॅझेलेइक पुन्हा रोजच्या प्रमाणावर आणा. उन्हाळ्याच्या सुट्टीत गावी किंवा देवदर्शनाला जाणार असाल तर सनस्क्रीनची दुसरी ट्यूब आधीच घेऊन ठेवा, आणि थोडा गडदपणा दिसला तरी ती जुनी स्टिरॉइडची ट्यूब उघडू नका, फोटो काढून डॉक्टरांना दाखवा.